‘गिव्ह अप’ : सोडणे आणि हार मानणे

इंग्रजीच्या तासाला आपल्यापैकी पुष्कळांची फजिती होते ती एका जागी. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. मग ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ का नव्हे? क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ निघाला की त्याला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. वास्तविक मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. ‘सोडून देणे’ म्हणताना आपण तरी कोणाला काय देतो? ‘भलतेच बोलून बसला’ म्हणतो तेव्हा तो गृहस्थ उभाही असू शकतो!

‘गिव्ह अप’चे मुख्य अर्थ दोन. पुढे कर्म असेल तर ‘सोडून देणे’ : ‘ही गेव्ह अप टी’, म्हणजे त्याने चहा सोडला. कर्म नसेल तर बहुधा ‘हार मानणे’ : ‘ही गेव्ह अप’.

वापराचे दोन नियम ध्यानात ठेवावेत. सर्वनाम मध्ये येते : ‘गिव्ह इट अप’ बरोबर, ‘गिव्ह अप इट’ चूक. पुढे क्रिया आल्यास ‘गिव्ह अप स्मोकिंग’ म्हणावे, ‘गिव्ह अप टु स्मोक’ नव्हे. ‘गिव्ह इन’ मात्र निराळे. त्याचा अर्थ दुसऱ्यापुढे नमते घेणे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कित्येक मुलांना शाळा सोडून खडी फोडायला जावे लागले. ‘दे हॅड टु गिव्ह अप स्कूल’ हे खरे. पण त्यावरून ‘दे गेव्ह अप’ असे म्हणता येणार नाही. शाळा सुटली म्हणून हिंमत सुटली असे होत नाही.

आपल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात मागणी करणाऱ्यांपैकी अनेकांनी घरेदारे गमावली, काहींनी प्राणही गमावले. तरी ‘दे डिड नॉट गिव्ह अप’. या वाक्याला कर्म नाही, आणि त्याला ‘वर देणे’ हा शब्दकोशी अर्थ लावून भागणार नाही.

तेव्हा मित्रहो, ‘गिव्ह अप’ दिसले की आधी कर्म शोधा. माणसाने काय सोडले आणि काय सोडले नाही, हे तिथेच कळते.