म्हाइंभटांनी काय लिहिलं, कसं लिहिलं

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात निघतं ते 1724 च्या लढाईमुळे. निजामाने इथे मुबारिझखानाचा पाडाव केला आणि गावाला फत्तेखेर्डा हे नाव दिलं. त्यामुळे या मुलखाची लेखी आठवण तलवारीपासून सुरू होते, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. त्याच्याही साडेचारशे वर्षं आधी, इथून जवळच्या मेहकर आणि लोणार या गावांत कोण कुणाला भेटलं आणि काय बोललं, हे एका संन्याशाने नोंदवून ठेवलं आहे. मेहकरला महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा मुक्काम पडला, लोणारला यादव राजा कान्हरदेव त्यांना भेटला. या भेटी आपल्याला कळतात त्या म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’मुळे.

म्हाइंभट गोदाकाठच्या सराळ्याचे. प्रभाकर मीमांसेचे गाढे पंडित, वादविवादात मुरलेले. पुढे ते महानुभाव पंथात आले आणि चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्या सहवासात राहिले.

लीळाचरित्र म्हणजे भक्ताने श्रद्धेच्या भरात रचलेल्या कथा, हा म्हाइंभटांविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज. श्रद्धा होतीच. चक्रधर म्हाइंभटांसाठी परमेश्वराचा अवतार होते आणि ते त्यांनी कुठेही लपवलं नाही. पण काम कसं केलं ते पाहा. चक्रधर निघून गेल्यावर नागदेवाचार्य ऋद्धिपुरास राहून स्वामींच्या आठवणींचं मनन करत. ही माणसं गेली की आठवणीही जातील, हे म्हाइंभटांच्या ध्यानात आलं. त्यांनी आधी नागदेवाचार्यांकडून ऐकलं, मग ज्यांच्यासमोर प्रसंग घडला त्यांना गाठून एकेक लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, गोळा केली. सांगणाऱ्यांत पंडित होते, तशाच स्वामींच्या सोबत राहिलेल्या बायकाही होत्या. महदाइसेसारख्या जिज्ञासू बाईचे प्रश्न आणि स्वामींची उत्तरं ग्रंथात ठिकठिकाणी येतात. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर वेगळा पाठही हस्तलिखितांत नोंदलेला सापडतो. एकच गुळगुळीत गोष्ट करून टाकणं किती सोपं होतं! तो मोह या परंपरेने टाळला, आणि याच कारणासाठी मी म्हाइंभटांना इतिहासकार म्हणतो.

शिवाय हे सगळं फार लवकर झालं. ब्रिटनमधला गिल्डास हा सहाव्या शतकातला संन्यासी आपल्या देशाच्या ऱ्हासाविषयी लिहून गेला, पण त्याची स्वतःची चरित्रं लिहिली गेली ती काही शतकांनी, तोवर त्याला पाहिलेलं कुणीच उरलेलं नव्हतं. लीळाचरित्राचा काळ साधारण 1278 मानतात. चक्रधरांच्या प्रयाणाला तेव्हा मोजकीच वर्षं झाली होती आणि साक्षीदार हयात होते. म्हणून तर राजाच्या भेटीबरोबर जेवणखाण, रुसवेफुगवे, वाटेतले मुक्काम, असं कुठल्याही ताम्रपटात न सापडणारं तेराव्या शतकाचं जगणं आपल्या हाती लागलं.

म्हाइंभटांच्या हातची पोथी आज कुठेतरी जपून ठेवलेली असेल, असंही काहींना वाटतं. तशी पोथी उरलेली नाही. पंथाची परंपरा सांगते, की खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि पुढच्या शिष्यांनी पाठांतरातून ती पुन्हा उभी केली. त्यांत हिराइसा या विदुषीचं नाव आदराने घेतलं जातं. म्हणून आजच्या प्रतींमध्ये पाठभेद आहेत. ते पाहून ग्रंथच बनावट ठरवणं चुकीचं, आणि प्रत्येक शब्द म्हाइंभटांचाच म्हणणंही चुकीचं.

पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या, त्याअर्थी आत काही आक्षेपार्ह असणार, हा संशय तर फार जुना. सकळ नावाच्या या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं, एवढाच तिचा संकेत. पंथाचं शास्त्र पंथाबाहेर जाऊ नये, म्हणून ती पुढच्या पिढ्यांनी वापरात आणली. म्हाइंभटांच्या काळात ती नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांमुळे ती बाहेरच्यांना वाचता आली, तेव्हा आत निघाली ती जुनी, नितळ मराठी.

मराठी ग्रंथरचना ज्ञानेश्वरीपासून सुरू झाली, हेही तसंच ऐकीव. ज्ञानेश्वरी 1290 ची. लीळाचरित्र तिच्या आधीचं, आणि तेही गद्यात.

या ग्रंथाची 1978 साली निघालेली मोठी आवृत्ती ज्यांनी सिद्ध केली, ते डॉ. वि. भि. कोलते बुलढाणा जिल्ह्यातलेच, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. अनेक हस्तलिखितं ताडून त्यांनी ती तयार केली. त्या आवृत्तीवरून पंथात तीव्र नाराजीही झाली, आणि श्रद्धा असलेल्यांना काही पाठ झोंबणं मी समजू शकतो. तरीही बुलढाण्याच्या वाचकाला माझं सांगणं आहे, की ग्रंथ उघडला की आधी मेहकर आणि लोणारच्या लीळा काढाव्यात. जुन्या मराठीला दोन-चार पानांत कान सरावतो, आणि मग शब्दकोश बाजूला ठेवूनही बरंच समजू लागतं.