जखम, अवधाण आणि धनुर्वात



बेण्याच्या कापलेल्या तोंडातून बुरशी शिरते, म्हणून लागणीपूर्वी आपण बेणेप्रक्रिया करतो. मग तोडीत पायाला कोयता लागला की जखमेवर तंबाखू नाहीतर माती दाबून काम का रेटतो? प्लॉट पाहणीत हे आम्ही नेहमी बघतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

कातडी हा शरीराचा बांध. पण नुसत्या बांधाने भागत नाही, राखणदारही लागतो. कातडीच्या वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या पेशी पसरलेल्या असतात. जर्मनीतील पॉल लँगरहान्स यांनी विद्यार्थिदशेतच १८६८ साली त्या दाखवून दिल्या. त्यांना त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्या राखणदार आहेत हे कळायला पुढे शंभरेक वर्षे गेली.

या पेशी आत शिरलेल्या जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या गाठीत जातात व तिथल्या पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख पटवितात. मग गाठीत फौज वाढते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ते यामुळेच. लढाई सरल्यावर काही पेशी कातडीतच वस्तीला राहतात आणि तोच जंतू पुन्हा आला तर त्याला लगेच धरतात.

धनुर्वातापुढे मात्र हा पहारा तोकडा पडतो. त्याचे बीजाणू मातीत, शेणात वर्षानुवर्षे टिकतात. खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते रुजतात आणि विष सोडतात. जीव घ्यायला हे विष इतके थोडे पुरते की तेवढ्यावरून शरीराला ओळख पटत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्यालाही तो पुन्हा होऊ शकतो. ही ओळख लसच करून देते.

तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याने धुवावी. शेण, माती, तंबाखू लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आधीचे डोस पूर्ण असले तरी दर १० वर्षांनी सुई घ्यावी. जखम खोल वा मातीने भरलेली असेल आणि मागच्या सुईला ५ वर्षे होऊन गेली असतील, तर पुन्हा घ्यावी. आधीचे डोस आठवत नसतील तर तसे डॉक्टरांना सांगावे.

फडातल्या तोडणी मजुरांनाही आपल्याच गाडीवरून न्यावे. त्यापायी तोड अर्धा दिवस थांबली तरी चालेल, असे आम्ही ऊस विकास विभागाचे असूनही सांगतो.