सूर तोच, ताण वेगळा

मर्दानी आणि जनानी तंबोरे शेजारी ठेवले, की मोठ्याचा सूर खालचा असणार हे छेडण्याआधीच कळतं. युकुलेले घेताना हा हिशेब चालत नाही. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर ही नावं गायकांच्या आवाजांवरून आलेली वाटली, तरी हे तिन्ही आकार एरवी एकाच सुरांत लावतात. पांढरी एकचा षड्ज धरला, तर चार तारा प, सा, ग, ध. त्यातला प मंद्रातला नाही, मध्य सप्तकातलाच. म्हणून तारांवरून हात फिरवला की सूर आधी खाली उतरतो, मग चढतो. या वाद्याचा सगळा खेळकरपणा त्या उतरण्या-चढण्यात आहे. सर्वांत मोठं बॅरिटोन तेवढं खालच्या सुरांत लावतात.

मग आकारानं बदलतं काय? ताण. सोप्रानोची तार साधारण ३४ सेंटिमीटर, टेनरची ४३. तीच तार त्याच सुरात लावायची, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे टेनरवर जवळपास ६० टक्के जास्त. तारा बनवणारे जाडी कमी-जास्त करून त्यातला थोडा सावरून घेतात, पण फरक बोटांना जाणवतोच. जास्त ताणाची तार तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, जोरात हलवते, पोकळीही मोठी असते. टेनरचा नाद भरीव आणि रेंगाळणारा होतो. सोप्रानोचा सूर टणकन उठतो आणि लगेच विझतो. हवाईतल्या जुन्या वाद्याचा आवाज मला तोच वाटतो.

हाताची गोष्ट निराळी. डी मेजर धरताना तीन बोटं दुसऱ्या पडद्याच्या एकाच घरात बसवावी लागतात. सोप्रानोवर हे घर १८ मिलिमीटरचं, टेनरवर सुमारे २३. रुंद बोटांच्या माणसाची तिसरी तार तिथेच मुकी होते आणि तो स्वतःला दोष देत बसतो. अशांनी ३८ सेंटिमीटर तारेचं कॉन्सर्ट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाद्य आलं कुठून? १८७९ च्या ऑगस्टमध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाज मदेराहून होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांसाठी आलेल्या त्या पोर्तुगीज मजुरांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जुझे दो एस्पिरितो सांतो हे सुतारकाम जाणणारे तिघे होते. गावाकडचं ‘माशेत’ हे छोटं तंतुवाद्य ते तिथल्या कोआच्या लाकडात घडवू लागले आणि त्यातून युकुलेले आकाराला आलं. कोकणात रस्त्याकडेला दिसणारी ऑस्ट्रेलियन बाभूळ ही या कोआची भाऊबंद. दोघांची कोयत्यासारखी पानं म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ.

लाकूड कुठलंही असो, एकसंध फळीची तबली मोकळेपणी थरथरते, पण पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत तडकू शकते. प्लायमध्ये थरांच्या रेषा उभ्या-आडव्या चिकटवलेल्या असतात. त्यानं ती दोन्ही दिशांना ताठ होते, आवाज थोडा दबतो, पण रत्नागिरीचा जुलै ती निभावते. दुकानात तबलीच्या भोकाची कड पाहा. वरच्या रेषा कडेवरून सलग आत उतरल्या तर फळी एकसंध, थर दिसले तर प्लाय.