मरता मरता हाक देणारी पेशी



'पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात' हे आपण वर्गात शिकवतो. मुलांना ते पटतं, लक्षातही राहतं. पण एखादं मूल विचारतं, "गिळलेला जंतू आत जिवंतच राहिला तर?" हा प्रश्न टाळू नका. ताप का येतो, याचं उत्तर इथेच सापडतं.

रक्ताची हगवण घडवणारा शिगेला हा जीवाणू बघा. आतड्यातली मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, त्याला गिळते. पण ज्या पिशवीत तो अडकतो ती फोडून तो पेशीद्रवात शिरतो. आता घरातच चोर! अशा वेळी पेशी दोन कामं करते: धोक्याची बातमी बाहेर पाठवते आणि स्वतः मरून जंतूचा आसरा मोडते.

बातमी बाहेर जाते कशी?

ही बातमी म्हणजे इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं प्रथिन. त्याच्या दोन अडचणी आहेत. एक, ते आधी लांब आणि निष्क्रिय रूपात तयार होतं. दुसरी, पेशीबाहेर जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांवर जणू पत्ता लिहिलेला असतो. ती आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल या वाटेने बाहेर पडतात. या प्रथिनावर तो पत्ताच नसतो.

मग काय होतं? जंतूची चाहूल लागताच पेशीतली काही प्रथिनं एकत्र येऊन इन्फ्लेमासोम नावाचा संच बनवतात. तो कॅस्पेज-१ या विकराला जागं करतो. कॅस्पेज-१ म्हणजे आपली कात्री. ती इंटरल्युकिन कापून सक्रिय करते आणि गॅसडर्मिन-डी हे दुसरं प्रथिनही कापते. गॅसडर्मिनचे सुटे झालेले तुकडे पेशीपटलात घुसतात, गोल कडं करून बसतात आणि भोक पडतं. भोक सुमारे 20 नॅनोमीटर रुंद, इंटरल्युकिन जेमतेम 4-5 नॅनोमीटर. सहज निसटतं!

भोकांतून पाणी आत येतं, पेशी फुगते आणि फुटते. आधी वाटायचं, पाण्याच्या दाबानेच फुटत असेल. पण 2021 मध्ये विश्व दीक्षित यांच्या गटाने दाखवलं की पटल फाडायला निनजुरिन-१ हे वेगळं प्रथिन लागतं.

दोन प्रकारचं मरण

बेडकाच्या पिल्लाचं शेपूट नाहीसं होतं, तेव्हाही पेशी मरतात. पण गुपचूप, आजूबाजूला सूज न आणता. 1992 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांना शिगेलाने मारलेल्या पेशीही तशाच मरतात असं वाटलं होतं. हे मरण वेगळं आहे हे पुढे कळलं आणि 2001 मध्ये त्याला 'पायरॉप्टोसिस' नाव मिळालं. ग्रीक भाषेत 'पायर' म्हणजे आग. गॅसडर्मिनचं काम मात्र 2015 मध्ये उलगडलं.

पालकांसाठी

इंटरल्युकिनची बातमी पोचली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराचं तापमान वर नेलं जातं. म्हणजे ताप जंतू 'आणत' नाही, आपलंच शरीर वाढवतं. म्हणून ताप दिसला की घाबरून जाऊ नये; पण दुर्लक्षही नको. हीच हाक शरीरभर, आवरेनाशी झाली तर सेप्सिससारखी जीवघेणी अवस्था येऊ शकते. मूल मलूल पडलं, धाप लागली, ताप हटेना, तर लगेच डॉक्टरांकडे जावं. आणि कधी जंतू नसतानाही ही हाक उठते: गाऊटमध्ये सांध्यात साचलेले युरिक आम्लाचे स्फटिक हाच इन्फ्लेमासोम जागा करतात.

वर्गात करून बघा

दोन कागदी पट्ट्या घ्या. एकीवर 'निरोप', दुसरीवर 'दार' लिहा. घंटा वाजली की एकाच मुलाने एकाच कात्रीने दोन्ही कापायच्या. मग विचारा, "दोन्हींना एकच कात्री का?" मुलं थोडा विचार करतील आणि सांगतील: निरोप तयार होईल तेव्हाच दार उघडावं, म्हणून!