पास ओलांडण्याआधी : भरती, ओहोटी आणि लाटांचा हिशेब

आपल्या घरांतील काही तरुणांना हल्ली कयाकमधून मासेमारी करण्याचा छंद लागला आहे. छंद चांगला आहे. त्यात इंजिनाचा खर्च नाही, अंगाला व्यायाम होतो आणि रविवारी घरी ताजी मासळी येते. पण मुलगा पहाटे अंधारात निघून गेला की आई दहा वाजेपर्यंत दाराकडे पाहत बसते. तिची ही काळजी कमी व्हावी म्हणून समुद्राचा हिशेब आपण सर्वांनीच समजून घेतला पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज कोकणातून या बेटावर आले. तिकडचे कोळी तिथीवरून भरती सांगतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. हा नियम आपल्याकडेही लागू आहे, कारण चंद्र तोच आहे. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढण्याचा कोकणातला आडाखा त्या किनाऱ्यापुरता आहे. येथे पोर्ट लुईचे भरतीचे कोष्टकच पाहावे.

मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, तर आपल्याकडे साधारण अर्धा मीटर. त्यामुळे पुष्कळांना वाटते की येथे भरती-ओहोटीला महत्त्व नाही. ही समजूत धोक्याची आहे. आपला लागून उथळ आहे. अर्धा मीटर पाणी उतरले की प्रवाळाचे खडक वर येतात, आणि सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी बंद होते.

त्याहून मोठी गोष्ट पासची. नदीचे गोडे पाणी जेथे समुद्राला मिळते तेथे प्रवाळ नीट वाढत नाही. त्यामुळे प्रवाळाच्या भिंतीला अनेक ठिकाणी नदीच्या मुखासमोरच खिंड पडलेली असते. बाहेरच्या लाटा ब्रिझांवर फुटतात आणि त्यांचे पाणी भिंतीवरून सतत लागूनमध्ये पडते. ते परत जाणार कोठून? पासमधूनच. म्हणून लाटा मोठ्या असल्या तर भरती चालू असतानाही पासमधील ओढ बाहेरच्या दिशेला असू शकते. ओहोटीत ती आणखी वाढते. सहा तासांच्या ओहोटीपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी उतरते, आणि ओढ तेव्हाच सर्वांत जोराची असते. त्यातच समोरून लाट आली तर ती उंच, उभी होऊन पासच्या तोंडावरच फुटते.

आता खरी मेख पाहा. ओहोटीच्या पाण्याबरोबर लागूनमधील बारीक मासळी बाहेर वाहत येते आणि कारांगसारखे मोठे मासे तिच्यासाठी पासच्या तोंडाशी टपून असतात. म्हणजे मासा लागण्याची वेळ आणि जिवाला धोक्याची वेळ एकच! वल्हवणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटरपेक्षा अधिक वेग फार वेळ टिकवू शकत नाही. ओढ तेवढीच असेल तर तो जागच्या जागी वल्हवत राहतो आणि थकतो.

म्हणून साधा क्रम असा ठेवावा. भरती पूर्ण होण्याच्या सुमारास, पाणी थबकलेले असताना बाहेर पडावे आणि ओहोटीला जोर चढण्यापूर्वी आत यावे. ते जमले नाही तर पासशी झुंजू नये. बाजूला सरकून ओढीच्या बाहेर थांबावे आणि पाणी पुन्हा थबकेपर्यंत वाट पाहावी.

वाऱ्याचाही विचार हवा. आपल्याकडे आग्नेयेचा वारा दिवस चढेल तसा वाढतो, आणि मे ते ऑक्टोबरमध्ये तो अधिक जोराचा असतो. पश्चिम किनाऱ्यावर हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ पाणी शांत दिसते, पण दूर गेलेल्या कयाकला तो आणखी दूर नेतो. तेथे परतीसाठी जास्त शक्ती राखून ठेवावी लागते.

तामारँसारख्या ठिकाणी, जेथे लाटा थेट किनाऱ्यावर येतात, तेथे कयाक पाण्यात लोटण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नुसते पाहत उभे राहावे. लाटा गटागटाने येतात. मोठ्या लाटांचा गट गेल्यावर जी उसंत मिळते, तीत निघावे. परतताना लाटा फुटतात त्या जागेबाहेर थांबावे, गळ-दोऱ्या बांधून टाकाव्यात आणि गटातील शेवटच्या लाटेच्या पाठीमागून आत यावे. कयाक लाटेला आडवी होऊ देऊ नये. उतरल्यावर कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये, कारण पुढची लाट ती अंगावर आणते. ग्री-ग्रीला तर प्रवाळाची भिंतच नाही. तेथे हा खेळ नकोच.

आकाश निरभ्र म्हणजे समुद्र शांत, असेही समजू नये. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ होते आणि त्याच्या लाटा काही दिवसांनी येथे पोहोचतात. दोन लाटांमध्ये 16 सेकंदांचे अंतर असेल तर अशा लाटा दिवसाला सुमारे 1000 किलोमीटर चालतात. मे 2007 मध्ये अशाच लाटांनी रेयुनियनला आणि आपल्या दक्षिण किनाऱ्याला तडाखा दिला. व्हाक्वाच्या हवामान खात्याने मोठ्या लाटांचा इशारा दिला असेल तर त्या दिवशी कयाक घरीच ठेवावी.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असे आपण म्हणतो. लाटेशीही करू नये. निघण्यापूर्वी घरच्यांना दोन गोष्टी सांगाव्यात : कोणत्या पासमधून जाणार आणि किती वाजता परतणार. जीवरक्षक जाकीट अंगात असावे, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. आणि ठरलेली वेळ झाली की मासा लागत असला तरी गळ वर ओढावा. मासे पुढच्या रविवारीही तेथेच असतील.