टरबूज तोडणीस आले हे कसे ओळखावे?

आंबा-केळीसारखे टरबूज (कलिंगड) तोडल्यावर पिकत नाही. वेलीवरून तुटले की गर थोडा लाल होईल, पण गोडी तिथेच थांबते. रमजान महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे व्यापारी लवकर गाडी भरायची घाई करतो आणि अर्धकच्चा माल बाजारात जातो. पुढच्या खेपेला भाव पडतो तो आपलाच.

सर्वात आधी पाहावी ती बाळी. फळाचा देठ वेलीला ज्या पेऱ्यावर जोडलेला असतो, त्याच पेऱ्यावरची बाळी पाहावी, पुढची-मागची नाही. बाळी हिरवी असल्यास फळ कच्चे, टोकाकडून अर्धी सुकली असल्यास काही दिवस थांबावे, बुडापर्यंत वाळून तपकिरी झाली असल्यास फळ तयार समजावे.

मात्र भातकुली तालुक्यात एवढ्यावर भागत नाही. पूर्णा खोऱ्यातील या खारपाणपट्ट्यात विहीर-बोअरचे पाणी खारट, जमीन भारी काळी. शेततळ्याचे गोड पाणी संपत आले आणि पाळी लांबली, की वेल ताणावर येतो आणि बाळी वेळेआधीच वाळते. शेंड्याची पाने दुपारनंतरही मान टाकत असतील किंवा पानांच्या कडा करपल्या असतील, तर वाळलेल्या बाळीवर भरवसा ठेवू नये.

अशा वेळी फळ हलकेच कलते करून जमिनीला टेकलेला डाग पाहावा. पांढरा किंवा फिकट हिरवा डाग म्हणजे कच्चे, लोण्यासारखा पिवळसर म्हणजे तयार. मल्चिंग पेपरवर हा डाग फिकट राहू शकतो, म्हणून तिथे दिवसही मोजावेत. फळधारणा झाल्यापासून शुगर बेबीसारख्या वाणाला साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. मोठ्या फळाच्या वाणाला जास्त. फळ लिंबाएवढे झाले की त्या आठवड्याच्या फळांजवळ एका रंगाची चिंधी बांधावी, पुढच्या आठवड्याला दुसऱ्या रंगाची. काम किरकोळ आहे, पण तोडणीच्या दिवशी मजुराला रंग सांगितला की पुरते.

टिचकीचा आवाज अनेकजण पहिला धरतात. कच्चे फळ टणटण वाजते, पिकलेले बदबद. पण जास्त पिकलेले आणि आतून पोकळ झालेले फळही बदबदच वाजते, तेव्हा आवाज शेवटी घ्यावा. फळ दोन्ही तळव्यांत दाबून करकर ऐकण्याची पद्धतही आहे. विक्रीच्या फळावर ती करू नये, आतला गर फाटतो.

शंका असल्यास प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतील तीन-चार फळे कापावीत. रिफ्रॅक्टोमीटर असल्यास मधल्या गराचा रस तपासावा, कारण सालीजवळचा गर नेहमीच कमी गोड असतो. १० ब्रिक्सच्या खाली असल्यास थांबावे. तीन-चार फळांचे नुकसान गाडीभर परत येण्यापेक्षा स्वस्त.

सगळा प्लॉट एकदम तोडू नये, दोन-तीन तोडे करावेत. तोडणीआधी काही दिवस पाणी कमी करावे. भरपूर पाणी दिल्यास गोडी उतरते आणि फळे तडकतात. सकाळी ऊन चढण्यापूर्वी दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून चाकूने कापावे, ओढून तोडू नये. सकाळचे फळ पाण्याने भरलेले असते, एवढ्याशा धक्क्याने फुटते. म्हणून गाडीत खाली पऱ्हाटी न टाकता वाळलेले गवत किंवा कुटार अंथरावे.