झुंडशाहीविरुद्ध पुराव्याची लेखणी

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. परंतु त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत जी व्यवस्था रुजली, तिचा पाया कृष्णवर्णीयांच्या मनातील भय हाच होता. हे भय टिकवण्याचे सर्वांत क्रूर साधन म्हणजे लिंचिंग, अर्थात न्यायालयाला डावलून जमावाने एखाद्या माणसाला पकडणे, प्रसंगी तुरुंगातून खेचून काढणे आणि ठार मारणे. मारल्या गेलेल्या पुरुषाने गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केला होता, एवढे छापले की वृत्तपत्रांच्या लेखी हत्येचे समर्थन पुरे होत असे. हे समर्थन आकड्यांनिशी आणि साक्षींनिशी मोडून काढण्याचे काम ज्या लेखणीने सर्वांआधी नेटाने केले, ती आयडा बी. वेल्स (१८६२–१९३१) यांची होती.

मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी गुलामगिरीतच जन्मलेल्या वेल्स यांचे आईवडील १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत दगावले आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ करण्यासाठी त्यांनी कोवळ्या वयातच शिक्षिकेची नोकरी पत्करली. पुढे मेंफिस शहरात स्थायिक झाल्यावर १८८९ मध्ये त्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या भागीदार व संपादक झाल्या. त्यांच्या लेखनाला निर्णायक वळण मिळाले ते मार्च १८९२ मध्ये. शहरातील ‘पीपल्स ग्रोसरी’ हे कृष्णवर्णीयांच्या भागीदारीतील किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलत होते. त्यातून वाढलेल्या संघर्षानंतर टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट या तिघांना जमावाने तुरुंगातून बाहेर काढून गोळ्या घातल्या. मॉस हे वेल्स यांचे स्नेही होते. या प्रकरणात स्त्रीवरील अत्याचाराचा प्रश्नच नव्हता; होती ती व्यापारातील स्पर्धा. त्यामुळे लिंचिंगची रूढ कारणमीमांसाच तपासून पाहिली पाहिजे, या निष्कर्षाला वेल्स आल्या.

जे शहर प्राणांचे रक्षण करत नाही ते सोडून जावे, असे आवाहन त्यांनी आपल्या पत्रातून केले. हजारो कृष्णवर्णीयांनी मेंफिस सोडले, उरलेल्यांनी ट्रामगाड्यांवर बहिष्कार टाकला आणि अखेरीस ट्राम कंपनीचे अधिकारीच उत्पन्न का घटले याची विचारणा करत ‘फ्री स्पीच’च्या कार्यालयात आले. मे महिन्यात बलात्काराच्या आरोपांमागील असत्यावर बोट ठेवणारा अग्रलेख प्रसिद्ध होताच, वेल्स परगावी असताना, त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले आणि परत आल्यास जीव घेऊ, अशी धमकीही देण्यात आली.

न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जमवलेल्या निधीतून त्याच वर्षी ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका निघाली आणि १८९५ मध्ये ‘अ रेड रेकॉर्ड’ प्रसिद्ध झाले. या लेखनाचे खरे सामर्थ्य त्याच्या पद्धतीत आहे. कृष्णवर्णीयांनी जमवलेली माहिती पक्षपाती ठरवली जाईल हे ओळखून त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’सारख्या गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील नोंदी आधाराला घेतल्या आणि बळींची नावे, ठिकाणे, तारखा व कथित कारणे यांचे तक्ते मांडले. आठ वर्षांतील ७२८ बळींपैकी केवळ एकतृतीयांश व्यक्तींवरच बलात्काराचा आरोप होता, आणि तोही केवळ आरोपच होता, हे त्यांनी दाखवून दिले.

हाच पुरावा मांडण्यासाठी १८९३ आणि १८९४ मध्ये त्यांनी ब्रिटनचे दौरे केले. पहिल्या दौऱ्याच्या निमंत्रकांपैकी कॅथरीन इम्पी या १८८८ पासून ‘अँटी-कास्ट’ नावाचे वर्णभेदविरोधी नियतकालिक चालवत होत्या. दक्षिणेतील कापसाचा ब्रिटन हा मोठा ग्राहक असल्याने तेथील जनमताची अमेरिकेला दखल घ्यावीच लागेल, हा या प्रयत्नामागील हिशेब होता.

शब्दांनी प्रत्यक्ष प्राण वाचवता येतात याचा दाखला आर्कान्सा राज्यात मिळाला. १९१९ मध्ये एलेन परिसरातील कृष्णवर्णीय खंडकरी, म्हणजे जमीनदाराच्या शेतात वाट्याने कापूस पिकवणारे शेतकरी, योग्य दरासाठी संघटित होताच त्यांच्यावर हल्ले झाले, असंख्य माणसे मारली गेली आणि उलट बारा खंडकऱ्यांनाच फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. वेल्स ओळख लपवून तुरुंगात त्यांना भेटल्या आणि त्यांच्या जबान्यांबरोबरच लुबाडल्या गेलेल्या पिकाचा हिशेबही १९२० च्या पुस्तिकेत मांडला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला न्याय्य ठरत नाही, हे तत्त्व मान्य केले आणि अनेकांच्या दीर्घ लढ्यानंतर हे बाराही जण मुक्त झाले.

हीच दृष्टी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी जागतिक पातळीवर नेली. १९१० मध्ये सुरू केलेल्या ‘द क्रायसिस’ या मासिकातून त्यांनी लिंचिंगच्या नोंदी सातत्याने छापल्या, तर १९१५ च्या एका निबंधात पहिल्या महायुद्धाची मुळे आफ्रिकेच्या वाटणीसाठी चाललेल्या साम्राज्यवादी स्पर्धेत शोधली. अण्वस्त्रबंदीच्या प्रचारामुळे १९५१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरण्यात आला; तो पुराव्याअभावी टिकला नाही. याच डुबॉइस यांना १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्यांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केले होते. आंबेडकरांचे पत्र हा त्या नात्याचा पुढचा दुवा होता.

वेल्स यांच्या हयातीत लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला नाही. तो २०२२ मध्ये झाला. या विलंबाने त्यांच्या लेखणीचे मोल घटत नाही, कारण पीडितांचे मौन म्हणजे समाजातील शांतता नव्हे, हे त्यांनी नाव, गाव आणि तारखेसह सिद्ध करून ठेवले होते. ज्या समाजाला खरी शांतता हवी आहे, त्याला असा पुरावा मांडणाऱ्या लेखकाचे संरक्षण करावेच लागते, आणि अन्यायाची नोंद अचूक ठेवण्याचे कर्तव्य लेखकालाही टाळता येत नाही.